पाठीचं माप

बुधवार, ४ मार्च

बारके,

"यापुढे माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही," असं तू सहा वर्षांपूर्वी आपल्या दुकानाच्या पायरीवरून ओरडून सांगितलंस. लिहायचं नाही असं काही म्हणाली नव्हतीस. म्हणून लिहितेय. हवं तर फाड, पण वाचून फाड.

आज दवाखान्याच्या त्या लांबलचक खोलीत तू दिसलीस आणि माझं डोकंच फिरलं. साठीच्या पुढच्या वीस बायका गोळा करायच्या, सव्वीस आठवडे त्यांचं वजन उतरवायचं आणि उतरताना अंगातलं नेमकं काय कमी होतंय ते मोजत राहायचं, असा यांचा अभ्यास. त्या विसांत नेमकी तू? अख्ख्या गावात दुसरी जाडी बाई मिळाली नाही यांना? मी आले ती गुडघ्यांसाठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ किलो उतरवा, नाहीतर जिना विसरा. तुझे गुडघे तर धडधाकट आहेत. तू भिंतीकडची खुर्ची धरलीस, मी खिडकीकडची. मधे अठरा बायका आणि एक वजनकाटा.

बारके म्हणते म्हणून हसू नकोस. नाव पडलं तेव्हा तू काडी होतीस. आता आपण दोघी एका दारातून एका वेळी जाऊ शकत नाही, तो भाग वेगळा.

मापं घेणाऱ्या त्या मुलीला मी मनातल्या मनात मापवाली म्हणते. अंबाड्यात पेन्सिल खुपसते आणि मग ती सगळीकडे शोधते. तिने आधी काट्यावर उभं केलं. मग अनवाणी दुसऱ्या यंत्रावर, ते म्हणे पायातून बारीकसा करंट सोडतं आणि चरबी किती ते सांगतं. मग एक मूठ आवळायला दिली, पकडीत जोर किती ते बघायला. मग हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. शेवटी त्या लांब टेबलावर आडवं केलं आणि एक दांडा डोक्यापासून पायापर्यंत सरकत गेला. त्याच्या चित्रात चरबी वेगळी, स्नायू वेगळे, हाडं वेगळी दिसतात. चाळीस वर्षं आपण बायकांची मापं घेतली, पण कातडीच्या आत कधी गेलो नाही.

हे पत्र मापवालीच्या हातून पाठवतेय. ती म्हणाली, "अहो, मी पोस्टमन नाही." मी म्हटलं, पंधरा पावलं तर चालायचंय.

खाली नाव घालत नाही. अक्षर ओळखशीलच.


गुरुवार, १९ मार्च

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. मला कुठे घाई आहे!

काल त्या मापवालीशी माझं वाजलं, ते तू भिंतीकडून ऐकलंसच. सगळ्यांनीच ऐकलं. तिने माझी कंबर मोजली आणि सांगितलं, साडेअडतीस इंच. मी सकाळीच घरी मोजून आले होते, साडेसदतीस. मी पिशवीतून माझी टेप काढली आणि तिच्या समोर पुन्हा मोजून दाखवलं. साडेसदतीस. ती म्हणते, "काकू, तुमची टेप चुकतेय." माझी टेप! ज्या बाईंनी मला शिवण शिकवलं त्यांनी जाताना हातात दिलेली टेप. तुझ्या त्या पेन्सिलवालीचा जन्म व्हायच्या आधीपासून ती माझ्या गळ्यात आहे. मी तिला तसं सांगितलं. तिने गुपचूप तिच्या कागदावर साडेअडतीस लिहिलं.

आणि तू हसलीस. मी पाहिलं. तोंड भिंतीकडे होतं, पण खांदे हलत होते.

हसण्यासारखं काही नाही. मापं चुकली की काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? परिचारिकांचे चाळीस गणवेश, चाळीसही छातीत एक इंच आखूड. एकाचंही बटण लागेना. मापं तू घेतलीस. चिठ्ठ्या तुझ्या अक्षरातल्या. मी तू लिहिलंस ते कापलं. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. तू म्हणालीस मी कापताना चोरी केली, आणि शिवणीत माया इतकी कमी ठेवली की उसवूनही सैल करता येईना. दोघींनी एकमेकींना काय काय ऐकवलं ते आता परत लिहीत नाही. पाठ आहे मला सगळं.

काल डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितला, तो नीट ऐकलास ना? ज्यांचं वजन फार भराभर उतरेल त्यांना अभ्यासातून काढणार आणि आधी उपचार करणार. कारण आपल्या वयात वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि एकदा गेले की सहजी परत येत नाहीत. म्हणून रोज अंडी, डाळ, दूध, आणि वाळूच्या त्या दोन पिशव्या उचलायच्या. मी उचलते. शेजारीण विचारते, "एवढं आपटताय काय?"


बुधवार, १५ एप्रिल

बारके,

आज तुझं कौतुक झालं. "सहा आठवड्यांत बरोब्बर अडीच किलो, अशी एकसारखी उतरण हवी," असं डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. टाळ्यासुद्धा झाल्या. मी वाजवल्या नाहीत.

अडीच किलो? मला मूर्ख समजतेस का? त्यांच्याकडे यंत्रं असतील, माझ्याकडे डोळे आहेत. तुझा तो निळा पायघोळ झगा मी शिवलेला आहे, दुकान होतं तेव्हा. त्याची खांद्याची शिवण तुझ्या हाडावर बसायची. आज ती दोन बोटं खाली, दंडावर आली होती. बाही रिकामी. मागे कापडाच्या चुण्या पडल्या होत्या, तिथे आता बसायला अंगच राहिलेलं नाही. पोट गेलं असतं तर कंबर सैल दिसली असती. कंबर तशीच आहे. चरबी बसलीय जागच्या जागी आणि खालून सगळा सांगाडा पोखरला जातोय.

आणि काटा म्हणतो अडीच किलो. काट्याचं काय बिघडलंय ते मला कळत नाही, पण तू वाळत चालली आहेस एवढं नक्की.

येताना मुद्दाम तुझ्या घराखालच्या बेकरीत गेले. मला काही घ्यायचं नव्हतं. बेकरीवाली बाई म्हणाली, "त्या? त्या सकाळी एक पाव नेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक." दिवसभरात एक पाव आणि चहा! एकटीसाठी गॅस कशाला पेटवायचा, हेच ना तुझं? दुकानातही डबा आणायची नाहीस, माझ्या डब्यातलं खायचीस आणि वर म्हणायचीस मीठ कमी आहे.

माझी लेक दर रविवारी फोन करते. ती म्हणाली, "आई, मावशीशी सरळ बोल ना. तुम्ही दोघी काय शाळेत आहात?" तिला काय कळतंय! पाच वेळा मी खिडकीकडून उठले आज. पाचही वेळा वजनकाट्यापाशी येऊन परत बसले.

अंडी खा. उकडून खा, नाहीतर कशीही खा, पण खा.


रविवार, ३ मे

बारके,

मला सगळं कळलं आहे. आता डोळे मोठे करू नकोस.

बुधवारी डोक्यावरचा पंखा जोरात होता. सगळ्यांचे कपडे फडफडत होते, आपल्या विसांतल्या त्या शिक्षिकाबाईंना तर पदर सांभाळता येईना. तुझ्या झग्याचा घेर मात्र तळाला शिसं ओतल्यासारखा सरळ उभा. आणि शिसंच होतं ते! पडद्याच्या दुमडीत आपण घालायचो त्या चकत्या. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून मीच तुला शिकवलं होतं, दोन ओळी करायच्या, एकीआड एक, म्हणजे बाहेरून फुगवटा दिसत नाही. माझीच युक्ती माझ्यासमोर नेसून बसलीस. किती चकत्या आहेत? चाळीस तर असतीलच. पन्नास ग्रॅमची एक. दोन किलो तू दर बुधवारी अंगावर घालून काट्यावर चढतेस, आणि ती बिचारी पेन्सिलवाली ते लिहून घेते.

बरं, निदान नीट तरी निभवायचं. खुर्चीतून उठायची चाचणी आली. पहिल्या चार वेळा उठलीस, ओठ दाबून. पाचव्यांदा अर्ध्यावर आलीस आणि खाली बसलीस, आणि घेर खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटला. टण्ण! सगळ्या बायका वळल्या. त्याच क्षणी माझ्या हातून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला. "माझ्या किल्ल्या हो," मी म्हटलं. सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या, मापवालीने किल्ल्या उचलून दिल्या.

तो जुडगा हातून निसटला नव्हता, मी टाकला होता. का टाकला ते मला विचारू नकोस. चाळीस वर्षांची सवय आहे, तू घोळ घालायचा आणि मी निस्तरायचा. पण घरी आल्यावर ध्यानात आलं. म्हणजे आता तुझ्या या खुळेपणात मीही सामील. उद्या तू बाथरूममध्ये पडलीस, मांडीचं हाड मोडलं, बेकरीवालीला दोन दिवसांनी कळलं, तर त्यात माझ्या किल्ल्याही आल्या.

म्हणून शेवटचं सांगते. वीस तारखेला पुन्हा तो झोपवून काढायचा फोटो आहे. तेव्हा त्यांचा अंगरखा घालावा लागतो, तिथे शिसं चालणार नाही. त्याच्या आत तू स्वतः सांग. डॉक्टरीणबाई चावत नाहीत. नाही सांगितलंस तर मी सांगेन. मला तेवढं पुरेसं ओळखतेस.


बुधवार, २० मे

बारके,

सांगितलं.

तू सर्दीचं निमित्त करून फोटो पुढे ढकलायला निघालीस, तेव्हा मी उठले, वजनकाटा ओलांडला आणि मापवालीला म्हटलं, "तिच्या झग्याची खालची दुमड हातात घेऊन बघा." बस, एवढंच. ती वाकली, तिने दुमड हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. तुझ्यावर चिडायच्या ऐवजी तिने स्वतःचा कागद चोळामोळा केला. तीन महिन्यांचे आकडे चुकीचे, तिच्या हातचे. ते मला फार लागलं. आकडे चुकीचे निघाल्यावर कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे.

मग तुला आत नेलं. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात तो रंगीत कागद होता, आणि माझ्यासमोरून जाताना तू तो मुद्दाम उलटा धरला नाहीस. मी वाचला. सात किलो गेलेत, त्यातले चार स्नायूंचे. माझे चार गेले, त्यात स्नायू एक किलोसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की किती उतरलं ही अर्धीच बातमी, काय उतरलं ते विचारा. तुझं चालणं उतरलंय, बारके. जिना चढणं उतरलंय.

तुला अभ्यासातून काढलं. घरी व्यायाम शिकवायला बाई येणार आहे आणि खाण्याचा तक्ता दिलाय. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, तसंच, पायरीवरून बघितलं होतंस तसं. बघ. खुशाल बघ. मला चुगलखोर म्हण, काय वाट्टेल ते म्हण. तुझं हाड शाबूत राहणार असेल तर आणखी सहा वर्षं बोलू नकोस.


शुक्रवार, ५ जून

बारके,

हे पत्र बेकरीवालीच्या हाती देतेय. पावाबरोबर येईल.

दोन बुधवार झाले. भिंतीकडची खुर्ची रिकामी आहे. गेल्या बुधवारी बँकेतल्या बाई तिथे बसायला गेल्या, तर मी म्हटलं, "ती जागा आहे एकीची." त्या म्हणाल्या, "पण त्यांना तर काढलं." मी म्हटलं, मग काय झालं?

परवा वजन झाल्यावर मापवाली माझ्याजवळ येऊन बसली. पेन्सिल शोधत होती, मी तिच्या केसांतून काढून दिली. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीला मी विचारलं होतं, असं का केलंत? मला वाटलं वजन लवकर उतरल्याची लाज असेल. त्या म्हणाल्या, काढून टाकलं असतं तर बुधवारी ताई दिसली नसती."

ती सहज सांगून उठली. पुढच्या बाईंना काट्यावर बोलावलं. मी तिथेच बसले होते.

इतका वैताग मला आयुष्यात कधी आला नव्हता. अगं मूर्ख मुली! दोन किलो शिसं! रस्ता ओलांडून येता येत नव्हतं? दार वाजवता येत नव्हतं? आणि हे मी विचारतेय, जी स्वतः पंधरा पावलं चालू शकली नाही.

आता माझंही ऐक. गुडघ्यांचं मी खोटं सांगितलं. गुडघे दुखतात, पण ते वीस वर्षं दुखताहेत. मी फेब्रुवारीत औषधं घ्यायला दवाखान्यात गेले होते, तेव्हा तू नाव नोंदवायच्या रांगेत दिसलीस. कसली रांग आहे तेही मला माहीत नव्हतं. मी तुझ्यामागे चार बायका सोडून उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा विचारलं, हे काय आहे? ती पोरगी म्हणाली वजन उतरवायचं आहे. मी म्हटलं, बरं, लिही.

आणि अजून एक आहे. ते लिहायला मला मार्चपासून वेळ लागला.

मापवालीशी भांडल्याचं तुला लिहून झालं, त्या रात्री मी लोखंडी पट्टी काढली, कापायच्या टेबलावर ठेवलेली असते ती, आणि माझी टेप तिच्यावर ताणून धरली नाही, नुसती ठेवली. छत्तीस इंचांची पट्टी. टेपवर पस्तीस आलं. एक इंच खाऊन बसलीय ती. कापडी टेप इतकी वर्षं ओढून ओढून लांबली आहे, तिच्यावरचे आकडे एकमेकांपासून सरकलेत. खरं माप छत्तीस असेल तर ती पस्तीस सांगणार.

तू गणवेशांची मापं याच टेपने घेतलीस आणि मी कापड त्या लोखंडी पट्टीने मोजून कापलं. तू नवी आणूया म्हणाली होतीस. दोनदा म्हणाली होतीस. मी म्हटलं होतं, बाईंची टेप असताना नवी कशाला? आणि ती तुझ्या गळ्यात घातली होती.

तू बरोबर मोजलंस. बरोबर लिहिलंस. सहा वर्षं मी तुला जे बोलत आले ते सगळं चुकीचं होतं. मला माफ कर. हे मी पायरीवर उभं राहून मोठ्याने म्हणायला हवं होतं, तू ओरडलीस तितक्याच मोठ्याने.

तुझी ताई


मंगळवार, ९ जून

बारके,

बेकरीवाली आज सकाळी चिठ्ठी देऊन गेली. आपल्या दुकानाचीच चिठ्ठी, तीच पिवळी. अजून ठेवल्यास होय? मी ती उभ्या उभ्या वाचली आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली.

खांदा तेरा. दंड साडेनऊ. छाती छत्तीस. कंबर सदतीस. मांडी अठरा. पोटरी अकरा.

काय गं ही मापं! साडेनऊ दंड? तू कापडाचे तागे दोन्ही हातांवर घेऊन माडीवर चढवायचीस. वाचून इतका संताप आला की चिठ्ठी टेबलावर आपटली. मग बघितलं तर सगळे आकडे भरलेत आणि पाठीचा रकाना कोरा. म्हटलं, ही अशीच, काम अर्धवट टाकायची सवय जाणार नाही हिची. चिठ्ठी उलटली तेव्हा मागचं दिसलं. तुझं ते बारीक, डावीकडे कललेलं अक्षर.

"पाठीचं एकटीने घेता येत नाही."

सहा वर्षांत एवढंच लिहिलंस. पुरे झालं.

उद्या बुधवार आहे. दवाखान्यात माझी खुर्ची रिकामी राहील, मापवालीला निरोप दिलाय. ती म्हणाली, "एक आठवड्याचा आकडा चुकेल तुमचा." मी म्हटलं, चुकू दे. ती जुनी टेप कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. आज बाजारातून नवी आणली, फायबरची, ताणत नाही, पट्टीवर ठेवून तपासली. सहा अंडी आणतेय आणि माझ्या वाळूच्या पिशव्या. मीठ कमी आहे असं म्हणालीस तर बघ.

मी आले की सरळ उभी राहायचा आटापिटा करू नकोस. गिऱ्हाइकं करायची तसं पोट आत ओढू नकोस. आहेस तशी उभी राहा, मला खरं माप हवंय.

अकरापर्यंत पोचते. दाराची कडी आत्ताच काढून ठेव. तुला खुर्चीतून उठायला वेळ लागतो, मला माहीत आहे.

ताई